‘चालू झाले’ म्हणजे बरे झाले का?

आपल्या व्यवसायात संगणकाचा प्रवेश झाला तो बिलांच्या टेबलावरून. तेथून तो प्रयोगशाळेत गेला, क्ष-किरण विभागात गेला, औषधांच्या दुकानात गेला. आणि आज विमा कंपनीची पूर्वसंमती संगणकावर आल्याखेरीज पुष्कळशा नियोजित शस्त्रक्रियांची तारीखही पक्की करता येत नाही. रुग्णाचे नाव, वय, निदान, रक्ताचे अहवाल, सोनोग्राफीची चित्रे, हे सारे दिवसातून कितीतरी वेळा एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जात असते. ही वाहतूक बंद पाकिटातून होते असे आपण समजून चालतो. स्मरणिकेत मधुमेह, गुडघेदुखी किंवा संस्थेची वाटचाल अशा लेखांच्या पंक्तीत सर्व्हरच्या प्रमाणपत्रांवर लिहिणे वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण ते पाकीट नीट बंद आहे की नाही, आणि ज्याच्या हाती ते जाते तो खरोखर योग्य इसम आहे की नाही, हा प्रश्न तंत्रज्ञाचा जितका आहे तितकाच आपलाही आहे. गोपनीयतेचे वचन रुग्णाला आपण दिलेले असते. तंत्रज्ञाची आणि त्याची कधी गाठही पडलेली नसते.

मला म्हणायचे आहे ते एवढेच, की सुरक्षित जोडणीत बिघाड झाला म्हणजे पडताळणीच बंद करून टाकण्याचा जो उपाय आज सर्रास केला जातो, तो आपण आपल्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत चालू देऊ नये. खरे कारण शोधण्यास बहुतेक वेळा अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास द्यायला आपण तयार नसतो, हे खरे दुखणे.

प्रमाणपत्र ही काय चीज आहे हे डॉक्टरांना समजावून सांगणे सोपे आहे. अनोळखी रुग्ण आपल्या खोलीत येतो तेव्हा भिंतीवरची पदवी पाहतो. पदवीवर विद्यापीठाची मोहोर असते आणि त्या विद्यापीठाला परिषदेची मान्यता असते. रुग्णाला आपण ठाऊक नसतो, विद्यापीठाचे नाव कदाचित ऐकून ठाऊक असते, परिषदेवर मात्र त्याचा विश्वास असतो. सर्व्हरचे प्रमाणपत्र नेमके असेच चालते. आपल्या संगणकात काही मोजक्या मूळ प्रमाणक संस्थांची यादी आधीपासून भरलेली असते. या मूळ संस्था सहसा स्वतः कोणाला थेट प्रमाणपत्र देत नाहीत. त्या मधल्या संस्थांना अधिकार देतात आणि मधल्या संस्था सर्व्हरला प्रमाणपत्र देतात. जोडणीच्या आरंभी सर्व्हरने आपले आणि मधल्या संस्थेचे, अशी दोन्ही कागदपत्रे पुढे ठेवायची असतात. समोरचा संगणक तीन गोष्टी पाहतो: सह्यांची साखळी आपल्या यादीतील मूळ संस्थेपर्यंत पोहोचते का, मुदत चालू आहे का, आणि प्रमाणपत्रावरचे नाव आपण हाक मारलेल्या सर्व्हरचेच आहे का. हे जुळले म्हणजे पुढचे संभाषण सांकेतिक लिपीत, ज्याला सर्वजण एन्क्रिप्शन म्हणतात त्या पद्धतीने, सुरू होते. जगातील असंख्य सर्व्हरांवर हे काम करणारा तयार प्रोग्रामांचा संच, संगणकाच्या भाषेत लायब्ररी, म्हणजे १९९८ पासून चालत आलेली ओपनएसएसएल.

यातील एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. पडताळणी बंद केली तरी सांकेतिक लिपी चालूच राहते, त्यामुळे सारे पूर्ववत दिसते. संभाषण तिसऱ्याला कळत नाही, परंतु समोर बोलणारा कोण आहे हे पाहणेच आपण सोडून दिलेले असते. मध्ये कोणी तोतया उभा राहिला तर आपण त्याच्याशी अत्यंत गुप्तपणे बोलू आणि तो ते सारे वाचून पुढे पाठवील.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका स्नेह्यांच्या रुग्णालयात विम्याची कागदपत्रे पाठवणारा प्रोग्राम एका सकाळी बंद पडला. पडद्यावर प्रमाणपत्राविषयी काही तक्रार येत होती. देखभालीचा करार असलेल्या मंडळींकडून एक तरुण आला, त्याने पंधरा मिनिटांत प्रोग्राम चालू करून दिला, चहा घेतला आणि गेला. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आठ महिन्यांनी दुसऱ्या एका कामासाठी त्यांच्या प्रोग्रामच्या सेटिंगची फाईल माझ्यापुढे आली, तेव्हा तीत ‘पडताळणी’ या शब्दापुढे ‘नाही’ असे लिहिलेले आढळले. मधल्या काळात त्या वाटेने प्रसूतीची, मनोविकारांची, कर्करोगाची, एचआयव्हीची कागदपत्रे गेली होती. त्यांपैकी काही भलत्या हाती पडले काय? नाही असे सांगता येत नाही आणि होय असेही सांगता येत नाही, कारण ज्या तपासणीची नोंद झाली असती ती तपासणीच होत नव्हती. माझ्या स्नेह्यांना सर्वांत बोचले ते हे.

मूळ कारण किती क्षुल्लक होते ते पाहा. पलीकडच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र नूतनीकरणानंतर बदलले होते, पण ते बसवताना मधल्या संस्थेचे प्रमाणपत्र सोबत ठेवायचे राहून गेले होते. भिंतीवर पदवी आहे, पण ती देणाऱ्या महाविद्यालयाच्या संलग्नतेचा कागद नाही, असा प्रकार. गंमत अशी, की तोच पत्ता ब्राऊझरमध्ये व्यवस्थित उघडत होता. त्यामुळे त्या तरुणाने ‘साईट ठीक आहे, आपल्याच प्रोग्राममध्ये दोष आहे’ असा निष्कर्ष काढला. वस्तुतः आजचे ब्राऊझर असा गहाळ कागद स्वतः शोधून आणतात किंवा आधीच बाळगून असतात. साधे प्रोग्राम तसे करत नाहीत. पलीकडच्या मंडळींना एक पत्र पाठवल्यावर त्यांनी कागद जोडला आणि पडताळणी पुन्हा सुरू करता आली. ते पत्र आठ महिने आधी जायला हवे होते.

निदानाची साधने मुळीच दुर्मिळ नाहीत. ओपनएसएसएलमध्ये ‘एस-क्लायंट’ नावाची एक आज्ञा आहे. तिला सर्व्हरचा पत्ता दिला की ती साखळी उलगडून दाखवते आणि शेवटी एक क्रमांक देते. शून्य आला तर सर्व ठीक. १० म्हणजे मुदत संपली. ९ म्हणजे मुदत अजून सुरूच झाली नाही. २० किंवा २१ म्हणजे प्रमाणपत्र देणारी संस्था सापडत नाही. माझ्या स्नेह्यांच्या बाबतीत २१ आला होता. १८ म्हणजे सर्व्हरने स्वतःलाच प्रमाणपत्र दिले आहे. १९ म्हणजे साखळीच्या टोकाची मूळ संस्था आपल्या यादीत नाही. कार्यालयातील फायरवॉल किंवा अँटिव्हायरस मध्येच वाहतूक उघडून पाहत असेल तर हा प्रकार दिसू शकतो. ६२ म्हणजे नाव जुळत नाही, मात्र ही आज्ञा नाव आपणहून तपासत नाही, तसे तिला वेगळे सांगावे लागते. इतका स्पष्ट अहवाल आपल्या प्रयोगशाळांतूनही नेहमी मिळत नाही, आणि मी हे प्रयोगशाळा चालवणारा म्हणून म्हणतो आहे!

यांतला ९ हा क्रमांक आपल्याकडे विशेष भेटतो. संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी सीआर २०३२ जातीची बॅटरी असते. ती संपली आणि वीज गेली की यंत्राचे घड्याळ कित्येक वर्षे मागे, कारखान्याने घातलेल्या तारखेवर जाते. मग त्या यंत्राच्या दृष्टीने जगातील सारी प्रमाणपत्रे भविष्यकाळातील ठरतात आणि एकही सुरक्षित पत्ता उघडत नाही. काही रुपयांच्या बॅटरीचा हा दोष. पण ‘साईट सुरक्षित नाही’ ही पाटी पाहून ब्राऊझर बदलणे, विंडोज पुन्हा भरणे, आणि अखेर इशारेच बंद करणे, इथपर्यंत मजल गेलेली मी पाहिली आहे. पडद्याच्या कोपऱ्यातील तारखेकडे कोणी पाहिले नव्हते.

इशारा बंद केल्याने काय घडू शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण ओपनएसएसएलच्याच इतिहासात आहे. डेबियन ही लिनक्सची एक प्रतिष्ठित आवृत्ती. २००६ साली तिच्यासाठी ओपनएसएसएल तयार करणाऱ्या एका स्वयंसेवकाला स्मृतीचा वापर तपासणारे एक साधन वारंवार तक्रार दाखवत होते: न भरलेली स्मृती वापरली जात आहे. तक्रार थांबावी म्हणून दोन ओळी काढल्या गेल्या. त्याने तसे करण्यापूर्वी जाणकारांना विचारलेही होते. निष्काळजी माणूस नव्हता तो. पण काढलेल्या ओळींपैकी एक ओळ किल्ल्या तयार करताना लागणारी यदृच्छा, म्हणजे अंदाज न करता येणारी संख्या, आत ओतण्याचे काम करत होती. ती गेल्यावर यदृच्छेचा उगम म्हणून उरला तो केवळ चालू प्रोग्रामचा अनुक्रमांक, ज्याच्या शक्यता सुमारे ३२ हजार. ज्या किल्लीचा अंदाज लावण्यास विश्वाचे आयुष्य पुरू नये, ती एका दुपारी शोधता येऊ लागली. कशातच बिघाड दिसत नव्हता. सर्व्हर चालू होते, प्रमाणपत्रे वैध होती. मे २००८ मध्ये लुसियानो बेलो यांनी हा दोष उघडकीस आणला, तेव्हा डेबियन आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटूसारख्या आवृत्त्यांवर दीड-दोन वर्षांत बनलेल्या किल्ल्या टाकून देऊन नव्या कराव्या लागल्या. तक्रार मात्र २००६ मध्येच थांबलेली होती.

दुसरे उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. ओपनएसएसएलच्या १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांमध्ये, जोडणी जिवंत आहे का हे विचारणाऱ्या एका साध्या संदेशाला उत्तर देताना सर्व्हर आपल्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर पलीकडे सांडत असे. त्यात पासवर्ड असू शकत, रुग्णाची माहिती असू शके, आणि खुद्द सर्व्हरची खासगी किल्लीही असू शके. उपाय दोन भागांत होता. १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती बसवणे हा पहिला. जुनी किल्ली फुटली असे समजून नवी किल्ली करणे, नवे प्रमाणपत्र घेणे आणि जुने रद्द करवणे हा दुसरा. पुष्कळांनी पहिला केला आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवली. गळू कापले आणि पू आतच ठेवला, असे आपण म्हटले असते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कम्युनिटी हेल्थ सिस्टिम्स या अमेरिकेतील मोठ्या रुग्णालय-समूहाने ४५ लाख रुग्णांची माहिती चोरीस गेल्याचे जाहीर केले. चोरांना आत शिरण्याची वाट हार्टब्लीडनेच करून दिली, असे ट्रस्टेडसेक या सुरक्षा-तज्ज्ञांच्या संस्थेने तेव्हा सांगितले. निम्म्या जगाचा भार वाहणाऱ्या या लायब्ररीला तोवर वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत होती, हेही त्याच सुमारास उजेडात आले. परमार्थाने चाललेल्या धर्मादाय दवाखान्यांची आठवण करून देणारी ही बाब, असो.

आता जरा अधिक गुंतागुंतीचे प्रकरण. ३० सप्टेंबर २०२१ रोजी आपल्या घड्याळाप्रमाणे सायंकाळी साडेसातच्या सुमारास ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या विनामूल्य प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची साखळी त्या मुळापर्यंत जात असे. संस्थेने आपले नवे मूळ प्रमाणपत्र कधीच तयार ठेवले होते, म्हणजे सर्व्हरपासून विश्वासापर्यंत जायला दोन रस्ते होते: एक बंद पडलेला, एक चालू. नव्या लायब्ररींनी चालू रस्ता धरला. ओपनएसएसएलची १.०.२ ही जुनी आवृत्ती मात्र सर्व्हरने दाखवलेल्या लांब रस्त्याने सरळ गेली, टोकाशी मुदत संपलेली पाटी पाहिली आणि तेथेच थांबली. परिणाम असा, की सर्व्हरचे स्वतःचे प्रमाणपत्र पूर्ण वैध असताना पडद्यावर १० क्रमांक, म्हणजे ‘मुदत संपली’. ३० मे २०२० रोजी ‘ॲडट्रस्ट’ या मूळ प्रमाणपत्राच्या वेळीही हेच घडले होते. योग्य उपचार होता आपल्या यंत्राच्या यादीतून ते कालबाह्य मूळ प्रमाणपत्र काढून टाकणे, नवे तेथे आहे याची खात्री करणे, आणि सवडीने लायब्ररी बदलणे. दहा मिनिटांचे काम. त्या संध्याकाळी कितीजणांनी ते केले आणि कितीजणांनी ‘पडताळणी: नाही’ लिहिले, हे ईश्वर जाणे.

या प्रकरणात तंत्रज्ञांना चकवणारी आणखी एक गोष्ट आहे. आपण ‘संगणकातील यादी’ म्हणतो खरे, पण ती एक नसते. विंडोजची यादी वेगळी, फायरफॉक्सची वेगळी, जावाची वेगळी, पायथनच्या प्रोग्रामांबरोबर पुष्कळदा आणखी एक. एका यादीत नवे मूळ प्रमाणपत्र भरले म्हणून दुसऱ्या प्रोग्रामला ते दिसेलच असे नाही. ‘मी सर्टिफिकेट टाकले तरी चालत नाही’ असे जेव्हा तंत्रज्ञ म्हणतो तेव्हा ‘कोणत्या यादीत टाकले?’ असा प्रश्न त्याला विचारावा. मला तरी या एका प्रश्नाने बरेच वेळा पुढचा मार्ग मोकळा झाल्याचा अनुभव आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती आली आणि ११ सप्टेंबर २०२३ रोजी १.१.१ या मागील आवृत्तीचा विनामूल्य आधार संपला. नवी आवृत्ती स्वभावाने कडक आहे. जुनाट सह्या, जुनाट लिप्या ती मुळातच स्वीकारत नाही. काही सर्व्हरांशी जोडणी करताना ‘अनसेफ लेगसी रिनिगोसिएशन डिसेबल्ड’ अशी तक्रार येते. तिचा अर्थ असा, की २००९ मध्ये सापडलेल्या आणि २०१० मध्ये ज्याचा उपाय प्रसिद्ध झाला त्या दोषाचा इलाज पलीकडच्या सर्व्हरवर अद्याप झालेला नाही. ही तक्रार ज्या संस्थेच्या सर्व्हरवरून येते तिला लिहून कळवणे हे कर्तव्य आहे. पण बहुधा होते काय, की ओपनएसएसएलच्या सेटिंगच्या सामायिक फाईलमध्ये सुरक्षेची पातळी खाली आणली जाते. ही फाईल साऱ्या यंत्राची असते. एका जुन्या सर्व्हरसाठी तेथे सूट दिली की ती फाईल वाचणाऱ्या त्या यंत्रावरील सर्वच प्रोग्रामांना ती लागू होते. एका रुग्णाला पथ्यात सवलत द्यायची म्हणून साऱ्या वॉर्डाचा आहार बदलावा तशातला हा प्रकार. अगदी नाइलाजच असेल तर सूट त्या एका जोडणीपुरती द्यावी, आणि ती कोणी, कधी, का दिली व केव्हा काढायची, हे लिहून ठेवावे.

यावर काही आक्षेप घेतले जातील, आणि ते निरर्थक नाहीत. पहिला असा, की प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थाच जर चुकतात तर पडताळणीचे एवढे स्तोम कशाला? चुकतात हे खरे. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या संस्थेत घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र निघाले, इराणमधील लोकांच्या पत्रव्यवहारावर पाळत ठेवण्यासाठी ते वापरले गेले, आणि त्या संस्थेचे दिवाळे निघाले. जुलै २०१४ मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र-व्यवस्थेतून गूगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गूगलच्या लक्षात आले आणि भारत सरकारच्या प्रमाणन नियंत्रकांनी केंद्राची मधली प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली. पण या दोन्ही चोऱ्या पकडल्या गेल्या, त्या कोणीतरी पडताळणी करत होते म्हणून. डिजिनोटारचे प्रकरण तर इराणमधील एका सामान्य वापरकर्त्याच्या ब्राऊझरने इशारा दिला, आणि त्याने तो दुर्लक्षित न करता लोकांपुढे मांडला, तेव्हा बाहेर आले.

दुसरा आक्षेप आपल्या व्यवसायाचा आहे आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. टेबलावर रुग्ण आहे, सीटी स्कॅनची चित्रे पाहायची आहेत, आणि पडदा म्हणतो प्रमाणपत्राची मुदत काल संपली. अशा वेळी चित्रे पाहावीत. यात मला तिळमात्र शंका नाही. रुग्णालयाच्या आतल्या, परिचित सर्व्हरचे प्रमाणपत्र काल संपले असेल तर तो सर्व्हर आज तोतया होत नाही. नाव न जुळणे आणि मुदत संपणे यांच्या गांभीर्यात फार अंतर आहे, आणि हे तारतम्य डॉक्टरांना शिकवायला नको. पण ती सूट त्या रात्रीपुरती असावी. सकाळी प्रमाणपत्र बदलले गेले पाहिजे. सूट कायमची सेटिंगमध्ये जाऊन बसता कामा नये.

आतल्या सर्व्हरांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. पुष्कळ रुग्णालयांत क्ष-किरण चित्रांचा सर्व्हर स्वतःच स्वतःला दिलेल्या प्रमाणपत्रावर चालतो, आणि परिचारिका, निवासी डॉक्टर रोज सकाळी इशाऱ्याच्या पानावर ‘ॲडव्हान्स्ड’ आणि मग ‘प्रोसीड’ अशी दोन बटणे दाबून आत जातात. अतिदक्षता विभागात सतत वाजणाऱ्या मॉनिटरचे पुढे काय होते हे आपण जाणतो: खरा आवाजही कोणी ऐकत नाही. हीच बोटे उद्या बँकेच्या बनावट पानावर तीच दोन बटणे दाबतील. रुग्णालयाने आपले अंतर्गत मूळ प्रमाणपत्र तयार करून ते सर्व यंत्रांच्या याद्यांत एकदा भरले, की हा रोजचा इशारा नाहीसा होतो. वीस-पंचवीस यंत्रांच्या रुग्णालयात हे एका दुपारचे काम आहे. ते न करता कर्मचाऱ्यांना ‘सायबर सुरक्षे’ची व्याख्याने देण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

तंत्रज्ञांवर सारे खापर फोडणे अन्यायाचे होईल. देखभालीच्या करारात आपण घासाघीस करतो, आणि बिघाड झाला की ‘बाहेर पंचवीस रुग्ण बसले आहेत, आधी चालू करून द्या’ असे त्याला आपणच सांगतो. त्याने तेच केले. आपण कारण विचारले नाही, म्हणून त्यानेही ते शोधले नाही. ताप उतरला, पण कशाचा होता, हे न विचारता आपण रुग्णाला घरी पाठवत नाही. इथे मात्र रोज पाठवतो. करारातच एक ओळ घालता येते: मालकाच्या लेखी संमतीवाचून कोणत्याही प्रोग्राममधील प्रमाणपत्राची पडताळणी बंद करू नये, आणि केल्यास तारखेसह नोंद करावी. जो विक्रेता या ओळीला नकार देईल त्याच्याविषयी काय समजायचे ते समजावे.

कायद्याचाही विचार आता टाळता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात माहितीच्या संरक्षणासाठी वाजवी खबरदारी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत त्या खबरदारीचा भाग म्हणून एन्क्रिप्शनचा नावानिशी उल्लेख आहे. छोट्या दवाखान्यावर इतका दंड कोणी बसवील असे मी म्हणत नाही. पण ‘पडताळणी: नाही’ ही ओळ चौकशीत समोर आली तर ती वाजवी खबरदारी होती असा युक्तिवाद कोणता वकील करील, याची मला उत्सुकता आहे.

यापुढे हा विषय वर्षातून एकदा आठवण्याचा राहणार नाही. ब्राऊझर बनवणाऱ्या कंपन्या आणि प्रमाणक संस्था यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये केलेल्या ठरावानुसार, सार्वजनिक प्रमाणपत्रांची ३९८ दिवसांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस होते. हाताने नूतनीकरण करण्याचे दिवस सरले. ते आपोआप होईल अशी व्यवस्था विक्रेत्याकडून करून घ्यावी लागेल, आणि ती चालते की नाही यावर लक्षही ठेवावे लागेल. आमच्या प्रयोगशाळेत रसायनांच्या फ्रीजचे तापमान रोज एका वहीत लिहिले जाते. गेल्या वर्षापासून त्याच वहीत दर सोमवारी एक ओळ वाढली आहे. एक छोटा प्रोग्राम सात सर्व्हरांचे पत्ते तपासून प्रत्येकाच्या प्रमाणपत्राचे उरलेले दिवस पडद्यावर दाखवतो, आणि तापमान लिहिणारी मुलगीच ते सात आकडे तापमानाखाली लिहून सही करते. आकडा तिसाच्या आत आला की ती तो लाल शाईने लिहिते आणि वही माझ्या टेबलावर आणून ठेवते.